ग्रामसभेला जंगल मिळाले, पण घरातली गोंडी चालली आहे. आधी काय सांभाळायचे?

कठाणीकाठ

सर्वांना सेवा जोहार. मी गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातला, गोंड समाजातला, आणि गेली बारा वर्षे नोकरीमुळे पुण्यात राहणारा. यंदा मे महिन्यात सात वर्षांच्या मुलीला घेऊन गावी गेलो होतो. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. माझी आई पहाटे तोडून आणलेली पाने अंगणात मांडून पुडके बांधत होती आणि मुलगी तिच्या शेजारी जाऊन बसली. पाने कशी एकावर एक लावायची, सालीचा वाक कसा पिळून बांधायचा, हे आई तिला गोंडीत सांगत होती आणि मुलगी माझ्या तोंडाकडे पाहत होती. अर्धा तास मी आजी आणि नात यांच्यामध्ये दुभाषी म्हणून बसलो. शेवटी आई थांबली आणि तिला येते तेवढ्या मोडक्या मराठीत मुलीशी बोलू लागली. जिने मला बोलायला शिकवले, तिला माझ्या मुलीसाठी स्वतःच्या अंगणात परकी भाषा बोलावी लागली. त्या दिवसापासून हे मनातून जात नाही.

यातली दुसरी बाजू अशी की आमचे गाव आज पूर्वीपेक्षा सबळ आहे. वनहक्क कायद्याखाली आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाले. तेंदूपत्ता आणि बांबू कोणाला कोणत्या भावाने द्यायचा हे ग्रामसभा ठरवते, पैसा ग्रामसभेच्या खात्यात येतो, आणि शहरात मजुरीला गेलेली काही मुले परत आली आहेत. आमच्याच तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये हा रस्ता उघडला आणि पुढे जिल्ह्यातील शेकडो गावे त्यावरून गेली. पण ग्रामसभेत कागद मराठीत येतो, अधिकारी मराठीत बोलतो, ठेकेदार मराठीत बोलतो. म्हाताऱ्या बाया गोंडीत पंधरा मिनिटे बोलतात आणि त्याच्या दोन ओळी ठराव वहीत मराठीत उतरतात.

म्हणून विचारतो. जंगल आणि निर्णय हाती आले की भाषा आणि रीत आपोआप सावरेल, असे आमच्या चळवळीतील बरेच जण मानतात. मलाही काल-परवापर्यंत तसेच वाटत होते. आपला अनुभव काय सांगतो?

रानझरा

आपोआप काहीच सावरत नाही, दादा. आमच्याकडे कोरकूचीही हीच गत आहे. मेळघाटात घरात कोरकू आणि बाजारात हिंदी-मराठी असा व्यवहार होता. आता बाजार घरात आला आहे.

अनुसूची_पाच

मी वकिली करतो आणि अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांची कामे पाहतो. मूळ प्रश्नात जंगल एकीकडे आणि भाषा-रीत दुसरीकडे अशी जी विभागणी झाली आहे, ती निदान कायद्याने केलेली नाही, एवढे आधी नोंदवतो. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्यातील कलम ४(ड) एकाच वाक्यात सांगते की लोकांच्या परंपरा व रूढी, त्यांची सांस्कृतिक ओळख, सामूहिक साधनसंपत्ती आणि तंटे मिटवण्याची रूढ पद्धत यांचे जतन व रक्षण करण्यास प्रत्येक ग्रामसभा सक्षम आहे. चारही गोष्टी एकत्र आहेत. आपण मात्र गेल्या पंधरा वर्षांत त्यातील साधनसंपत्ती एवढा एकच शब्द वापरला, कारण तिथे लढाई होती आणि तिथे पैसा होता.

बांबूचेच पाहा. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज, म्हणजे लाकडाखेरीजचे जंगलातले उत्पन्न म्हटले, पण १९२७ च्या वन कायद्यात तो झाड म्हणूनच राहिला आणि त्यामुळे वाहतूक परवान्याची चावी वनखात्याकडेच राहिली. मेंढा-लेख्याच्या लोकांना हक्क मिळाल्यावरही आपला बांबू विकता येईना. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक गावचे पुढारी देवाजी तोफा यांच्या हाती दिले, तेव्हा वाट मोकळी झाली. वन कायद्यातील व्याख्या बदलायला २०१७ उजाडले. इतकी शक्ती एका शब्दाच्या अर्थासाठी खर्च होत असेल, तर भाषेकडे वळायला उसंत मिळाली नाही याचा दोष गावाला देता येणार नाही.

वर्गखोली

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका आहे, मूळची वर्धा जिल्ह्यातली. पहिली नेमणूक भामरागड भागात झाली तेव्हा मला माडियाचा, म्हणजे तिथल्या गोंडी बोलीचा, एक शब्द येत नव्हता. पहिलीच्या वर्गात एक मुलगा उठून "येर, येर" म्हणायचा. मला वाटायचे तो बाहेर खेळणाऱ्या मुलांना "ये रे, ये रे" म्हणून बोलावतो आहे. मी त्याला हाताने खाली बसवायचे. चौथ्या दिवशी स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी सांगितले की तो पाणी मागतो आहे. गोंडी-माडियात येर म्हणजे पाणी. चार दिवस एक मूल माझ्याकडे पाणी मागत होते आणि मी त्याला शिस्त लावत होते.

त्यानंतर मी वही केली. रोज पाच शब्द मुलांकडून शिकायचे आणि त्यांना त्यांचे मराठी शब्द द्यायचे. दिवाळीपर्यंत वर्ग बदलला. मुले मराठी लवकर शिकली, कारण मी त्यांचे ऐकू लागले होते. "आधी मराठी पक्की होऊ द्या, मग पाहू" असे म्हणणाऱ्यांनी सहा वर्षांच्या मुलाला न कळणाऱ्या भाषेत दिवसभर बसवण्याचा अर्थ एकदा समजून घ्यावा.

नागनदी

वर्गखोली ताईंबद्दल पूर्ण आदर राखून वेगळे मत मांडतो. मी स्वतः गोंड आहे, नागपुरात वाढलो, मला गोंडी येत नाही, आणि त्यामुळे मी कमी गोंड आहे असे मला वाटत नाही. माझे वडील ठरवून आमच्याशी मराठीत बोलले, कारण आश्रमशाळेत त्यांना त्यांच्या उच्चारावरून जे ऐकावे लागले ते आमच्या वाट्याला येऊ नये. त्यांनी भाषेचा त्याग केला म्हणून मी अभियंता झालो. आज पुनरुज्जीवनाची भाषा करणारे बहुतेक जण माझ्यासारखेच शिकलेले आहेत; गावातल्या मुलाला गोंडी शाळेत घालून त्याच्यापुढे बारावीनंतर कोणता रस्ता आहे, याचे उत्तर त्यांच्याकडे नसते. स्वयंनिर्णय म्हणायचा तर आई-वडिलांनी मुलासाठी मराठी किंवा इंग्रजी निवडणे हाही स्वयंनिर्णयच आहे.

कठाणीकाठ

नागनदी दादा, तुमच्या वडिलांबद्दल जे लिहिले ते वाचून थांबलो. माझ्या घरीही तसेच घडले आहे, आणि त्या पिढीला मी कधीही दोष देणार नाही. पण त्यांनी निवड केली असे म्हणवत नाही. उच्चाराची थट्टा झाली नसती आणि तरीही त्यांनी मराठी निवडली असती, तर ती निवड. अपमान चुकवण्यासाठी माणूस जे करतो त्याला दुसरे नाव असते.

रस्त्याचे म्हणाल, तर कोणीही मराठी नको म्हणत नाही. आमच्या तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतः ठराव करून गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तिथे गोंडीबरोबर मराठी आणि इंग्रजीही शिकवतात. मुले आपल्या पेनांची म्हणजे देवांची नावे, झाडांची नावे, पंडुम म्हणजे आपले सण, हे आपल्या भाषेत शिकतात आणि बाहेरचे जगही शिकतात. शिक्षण खात्याने मान्यता नाही म्हणून नोटीस काढली, दंडाची भाषा झाली आणि ग्रामसभेला न्यायालयात जावे लागले.

अनुसूची_पाच

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि पुढे रोज दहा हजार रुपये होऊ शकतात. हे कलम निघाले ते दुकानासारख्या चालणाऱ्या शाळांना आळा घालण्यासाठी. संविधानाच्या ३५०(क) या अनुच्छेदाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करण्याचे काम राज्यावर सोपवले आहे. राज्याने ते काम केले नाही, ग्रामसभेने केले, आणि नोटीस ग्रामसभेला आली. माझ्या मते मान्यतेच्या निकषांतच ग्रामसभेने चालवलेल्या शाळेसाठी स्वतंत्र वाट असायला हवी. त्याशिवाय प्रत्येक गावाला वकील शोधावा लागेल.

डहाणूची_वाट

मी वारली आहे, पालघर जिल्ह्यातली. वरची चर्चा वाचताना आमची उलटी गोष्ट सांगावीशी वाटली. तुमच्याकडे जंगल आले आणि भाषा चालली. आमच्याकडे चित्र जगभर गेले आणि पायाखालची जमीन चालली.

आमच्या घरी लग्नाला सवाशिणी भिंतीवर चौक लिहायच्या. आम्ही चित्र काढणे म्हणत नाही, लिहिणे म्हणतो. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचे पीठ पाण्यात कालवलेले, बांबूच्या काडीचे टोक चावून केलेला कुंचला. मधोमध पालघट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गात असते आणि तिच्या गाण्याशिवाय चौक पुरा होत नाही, लग्नही होत नाही. माझ्या आजीने हे केले, आईने थोडे केले, मी कागदावर केले. १९७० च्या दशकात गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणले आणि त्यात रोजचे जगणे रंगवले. त्यांचे मोठेपण मी कधीच नाकारणार नाही, त्यांच्यामुळे आमचे नाव झाले. पुढे २०१४ मध्ये वारली चित्राला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण धवलेऱ्या किती उरल्या, हे कोणी विचारत नाही. चित्र विकले जाते, गाणे विकले जात नाही, म्हणून चित्र राहिले आणि गाणे गेले.

आज वाढवणचे बंदर, बुलेट ट्रेन, महामार्ग सगळे आमच्याच भागातून जाते. त्या कामांच्या फलकांवरही तारपा वाजवणारा वारली रंगवलेला असतो. ते पाहून पोटात कालवते.

रेषारंग

मी कापडावर छपाईचे काम करतो. ताई, प्रामाणिकपणे विचारतो: आम्ही वारली नक्षी वापरावी की नाही? आम्ही वापरली नाही तर कोणीतरी वापरणारच आहे, आणि वापरली तर तुम्हाला वाटते की चोरी झाली.

डहाणूची_वाट

दादा, विचारलेत हेच पुष्कळ झाले. चोरी नक्षी घेतल्याने होत नाही, न विचारता घेतल्याने होते. आमच्या गटांशी बोला, काम त्यांच्याकडून करून घ्या, त्यांचे नाव आणि गाव कापडावर छापा. आणि एक मनापासून सांगते, पालघटाचा चौक चादरीवर छापू नका. तारपा नाच छापा, शेत छापा, पक्षी छापा. चौक ही देवीची जागा आहे, तिच्यावर कोणी झोपू नये. काय देता येईल आणि काय देता येणार नाही हे ठरवण्याचा अधिकार आमचा असावा. माझ्यासाठी स्वयंनिर्णय या मोठ्या शब्दाचा अर्थ तिथून सुरू होतो.

माळवाट

या शब्दाबद्दलच बोलायचे होते. 'स्वयंनिर्णय' म्हटले की मला काळजी वाटते. हा शब्द आंतरराष्ट्रीय राजकारणात देश वेगळे करण्यासाठी वापरला गेला आहे. आपल्या देशात ग्रामस्वराज्य हा सुंदर शब्द असताना परका शब्द कशाला?

अनुसूची_पाच

शंका रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने आदिवासी लोकसमूहांच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी स्वीकारला. विरोधात ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि अमेरिका होते. भारताने बाजूने मत दिले. त्या जाहीरनाम्याचे तिसरे कलम स्वयंनिर्णयाचा हक्क सांगते, चौथे कलम अंतर्गत व स्थानिक बाबींतील स्वायत्तता असा त्याचा व्यवहारातील आशय सांगते, आणि ४६ वे कलम स्पष्ट म्हणते की यातील कशाचाही अर्थ देशाच्या अखंडतेला बाधा आणण्याची परवानगी असा घेऊ नये. भारत सरकारची भूमिका अशी की सगळेच भारतीय इथले मूळ रहिवासी आहेत. तो वाद बाजूला ठेवला तरी आपल्या संविधानाची पाचवी अनुसूची आणि पेसा यांतून तोच आशय घरातूनच आला आहे.

आणि मेंढ्याची घोषणा तर गोंडीतच आहे: "दिल्ली-मुंबई मावा सरकार, मावा नाटे माटे सरकार". दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. दिल्लीचे सरकारही 'आमचे' आहे असे जो समाज आधी म्हणतो, त्याच्यावर फुटीचा संशय घेण्याचे कारण उरत नाही.

माळवाट

घोषणेचा पहिला भाग मला माहीत नव्हता. दुसराच ऐकला होता. माझा आक्षेप मागे घेतो.

सालफुली

नियमगिरीची आठवण इथे करून द्यावी असे वाटते. ओडिशातील डोंगरिया कोंध लोक त्या डोंगराला नियमराजाचे स्थान मानतात. तिथे बॉक्साइटची खाण होणार होती. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लोकांच्या सांस्कृतिक आणि धार्मिक हक्कांना बाधा येते का, हे ग्रामसभांनी ठरवावे. रायगडा आणि कालाहंडी जिल्ह्यांतील बारा गावांच्या सभा झाल्या आणि बाराही गावांनी नकार दिला. ज्या गोष्टीला आपण श्रद्धा म्हणून हसून सोडून देतो, तिच्या आधारावर डोंगर वाचला. श्रद्धा त्या लोकांच्या बोलण्यात जिवंत नसती, तर बाराही सभांमध्ये उभे राहून सांगणार कोण होते? मूळ प्रश्नाला हे माझे उत्तर. आधी जंगल की आधी भाषा असे नसते. ज्यांच्याकडे डोंगराचे नाव आणि गोष्ट उरली होती त्यांनाच तो मागता आला.

कठाणीकाठ

सालफुली, हे पटले, आणि दुखलेही. आमच्या जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर ठाकूरदेवाचा. दर जानेवारीत आजूबाजूच्या गावांची तिथे यात्रा भरते. आज त्या डोंगरावर लोहखनिजाचे खाणकाम चालू आहे. बाराच्या बारा गावांचे ऐकले जाईल असा दिवस प्रत्येक डोंगराच्या नशिबी येत नाही. खाणीत नोकरी लागली म्हणून आनंदी असलेली माणसेही माझ्या ओळखीची आहेत, आणि त्यांचा आनंद खोटा नाही. पण प्रश्न विचारायची जागा ग्रामसभा होती आणि त्या जागेवर लोकांना पूर्ण बोलू दिले गेले, असे मी कोणाकडून ऐकलेले नाही.

दूरदेशी

मी साताऱ्याचा, सध्या ऑकलंडला असतो. वर न्यूझीलंडने जाहीरनाम्याविरुद्ध मत दिल्याचा उल्लेख आला तो खरा आहे. पुढे २०१० मध्ये या देशाने पाठिंबा जाहीर केला. पण इथल्या माओरी लोकांनी कोणाच्या मताची वाट पाहिली नव्हती. त्यांची भाषा बोलणारे प्रामुख्याने म्हातारे उरले होते, तेव्हा १९८२ मध्ये त्यांनी 'कोहांगा रेओ' सुरू केले. शब्दशः भाषेचे घरटे. शाळेत जाण्याआधीची लहान मुले आणि समाजातील आज्या-आजोबा एका खोलीत, आणि तिथे फक्त माओरी बोलायची. मधली पिढी, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी भाषा अर्धी विसरलेली, तिथे चहा-स्वयंपाक करायची आणि मुलांबरोबर शिकायची. इमारती साध्या होत्या. पाच वर्षांत, १९८७ मध्ये, माओरी देशाची अधिकृत भाषा झाली.

कठाणीकाठ यांना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगतो. १८४० साली माओरी प्रमुखांचा इंग्रजांशी करार झाला होता, त्याच्या भंगाच्या तक्रारी ऐकण्यासाठी इथे न्यायाधिकरण आहे. त्या करारात जमीन, जंगल, मासेमारीची ठिकाणे आणि इतर मौल्यवान ठेवा यांच्या रक्षणाची हमी होती. १९८६ मध्ये न्यायाधिकरणाने म्हटले की भाषा हाही तो ठेवाच आहे. जंगलासाठी जो कागद वापरतात तोच कागद भाषेसाठी वापरला. वकील साहेबांनी सांगितलेले कलम ४(ड) वाचताना मला हेच आठवले.

नागनदी

दूरदेशी, आज्यांची कल्पना आवडली. पण माओरी एका देशात, एका भाषेचे. गोंडांचे तसे नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी सांगणारे सुमारे २९.८ लाख लोक आहेत, पण ते महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र, ओडिशा असे विखुरलेले. घर या साध्या शब्दाला एकीकडे 'रोन' म्हणतात, दुसरीकडे 'लोन'. लिहायचे तर देवनागरी, तेलुगू, मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये केलेली लिपी, की आदिलाबादच्या गुंजाळा गावात मिळालेल्या हस्तलिखितांची लिपी? दोन्ही लिप्या संगणकावर आल्या आहेत, आनंद आहे, पण मुलाने कोणती शिकायची?

कोसाकापूस

रोन आणि लोनचा वाद असेल तर तो भाषा जिवंत असल्याचा पुरावा आहे. आपल्याकडे कोल्हापूर आणि नागपूरचे कुठे जमते, आणि तरी मराठी एक आहेच की.

मला मात्र मराठी वाचक म्हणून एक गोष्ट बोलली पाहिजे. भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा मराठी, तेलुगू, ओडिया, हिंदी या भाषांना राज्ये मिळाली आणि त्या सीमा नेमक्या गोंडांच्या प्रदेशातून गेल्या. आपण ज्या तत्त्वासाठी १ मे साजरा करतो, त्याच तत्त्वाने गोंडी एकाही राज्याची भाषा उरली नाही. संथाळी आणि बोडो संविधानाच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत आल्या. गोंडी बोलणारे बोडोभाषकांपेक्षा संख्येने जास्त असूनही ती अजून बाहेर आहे. आपल्या भाषेला अभिजात दर्जा मिळाल्याचा आनंद आपण २०२४ मध्ये साजरा केला. त्याच जोमाने गोंडी आठव्या अनुसूचीत यावी म्हणून मराठी माणसाने मागणी केली, तर ते आपले कर्तव्य ठरेल.

मोहफूल

इतका वेळ वाचत होते. मी माडिया आहे, आरोग्य खात्यात काम करते. परंपरा जपा असे सगळे लिहितात, तेव्हा मला कुर्माघर आठवते. पाळीच्या दिवसांत बाईने गावाबाहेरच्या झोपडीत राहायचे. पावसाळ्यात त्या झोपडीत मी स्वतः भिजत बसले आहे, साप-विंचवाच्या भीतीने रात्र काढली आहे. हीही आमची रीतच आहे. ती जपायची का?

बाहेरचे लोक येऊन सांगतात की ही अंधश्रद्धा आहे, झोपडी पाडा. तसे सांगितले की गाव अधिक घट्ट धरून बसते. आतल्या बायांनी बोलायला सुरुवात केली तेव्हा फरक पडला. काही गावांत त्या जागी पक्के महिला विसावा केंद्र झाले, दिवा आला, पाणी आले. माझ्या मते तेही पुरेसे नाही, पण ते बायांनी मागितले म्हणून झाले. वनहक्काच्या नियमांत ग्रामसभेच्या गणपूर्तीत एक-तृतीयांश बाया हव्यात असे लिहिले आहे. बाया येतात, सही करतात. त्या बोलतात का, आणि बोललेले वहीत येते का? कठाणीकाठ दादांनी सुरुवातीला लिहिले की म्हाताऱ्या बाया गोंडीत पंधरा मिनिटे बोलतात आणि मराठीत दोन ओळी उतरतात. त्या गळालेल्या चौदा मिनिटांत कुर्माघर असते, दारू असते, पोरीचे लवकर ठरवलेले लग्न असते. माझ्यासाठी गोंडीचा प्रश्न इथे आहे. आमच्या बाया मराठीत गप्प बसतात.

वर्गखोली

मोहफूल ताई, या धाग्यात मला सर्वांत जास्त शिकवणारे हेच लिखाण आहे.

रानझरा

घोटुलचाही, म्हणजे गोंड गावातल्या तरुण मुलामुलींच्या जमण्याच्या जागेचाही, विषय निघायला हवा. बाहेरच्यांनी त्यावर इतके गलिच्छ लिहिले की आपल्याच पोरांना तो शब्द उच्चारायला लाज वाटू लागली.

कठाणीकाठ

खरे आहे. मेंढ्याच्या लोकांनी जुना घोटुल पुन्हा उभा करायला सागवान वापरले तेव्हा वनखात्याने तो उखडला होता, आणि लोकांनी तो परत बांधला. आमच्या गावचा घोटुल म्हणजे चार खांबांवरची गवती छपराची मोकळी जागा. तिथे मी पहिल्यांदा ढोल धरला. मरका पंडुमआधी कैरी का तोडायची नाही हे तिथेच ऐकले: कोय धरण्याआधी फळ तोडले तर पुढचे झाड कुठून येणार. मरका म्हणजे आंबा. हा नियम कोणत्याही वन आराखड्यात लिहिलेला नाही आणि तरी आमच्या जंगलात आंब्याची रोपे आहेत.

कठाणीकाठ

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहितो. हा सगळा धागा मी छापून गावी नेला आणि मागच्या रविवारी ग्रामसभेत वाचला. गोंडीत सांगताना मला स्वतःला अनेक ठिकाणी शब्द सापडत नव्हते, आणि आई बसल्या जागेवरून शब्द पुरवत होती.

मोहफूल ताईंचे लिखाण वाचल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक म्हातारी उठली. ती म्हणाली की मी बोलते ते वहीत नसते हे मला इतकी वर्षे माहीतच नव्हते, कारण मला वाचता येत नाही. आता मला माझे मागचे बोलणे वाचून दाखवा. सचिवाने वही काढली. तेंदूपत्त्याच्या भावावर ती मागच्या वर्षी बोलली होती, ठेकेदाराने मोजणीत पुडके कसे बाजूला काढले ते तिने तपशिलात सांगितले होते. वहीत लिहिले होते: "महिलांनी संकलनाबाबत सूचना केल्या." सचिव चांगला मुलगा आहे, माझा चुलत भाऊच आहे, त्याचे डोळे खाली गेले.

दोन ठराव झाले. पहिला, यापुढे इतिवृत्त आधी गोंडीत, देवनागरी लिपीत लिहायचे, सभेतच मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि मग त्याचे मराठी करून सरकारी वहीत चढवायचे. सह्या आणि अंगठे गोंडी वाचनानंतरच. दुसरा, दिवाळीच्या सुट्टीत बाहेरगावी राहणाऱ्या सगळ्यांची मुले दहा दिवस गावात येतील आणि संध्याकाळी घोटुलात फक्त म्हाताऱ्यांबरोबर बसतील. दूरदेशींनी सांगितल्याप्रमाणे आम्ही मधल्या पिढीने स्वयंपाक करायचा, दुभाष्याचे काम करायचे नाही. खर्च बांबूच्या पैशातून.

लिपीवर वाद झालाच. दोन मुलांना मसराम लिपी येते, त्यांना तीच हवी होती. ती त्यांनी घोटुलात शिकवावी असे ठरले. घराला काय लिहायचे यावर मात्र वाद झाला नाही, आमच्याकडे लोन.

नागनदी दादा, दिवाळीत तुम्हीही या. येर आणि लोनपासून सुरुवात करू.

नागनदी

येतो. वडिलांनाही आणतो. त्यांनी चाळीस वर्षांत घरात गोंडीत बोललेले मी ऐकलेले नाही.

अनुसूची_पाच

पहिल्या ठरावाची प्रत कृपया पाठवावी. त्यात कलम ४(ड) चा उल्लेख घातला आहे का ते पाहतो. नसेल तर पुढच्या सभेत दुरुस्ती करून घ्या, म्हणजे उद्या कोणी गोंडी वहीला हरकत घेतली तर आधार राहील. जिल्ह्यातील इतर ग्रामसभांनाही नमुना म्हणून देता येईल.

वर्गखोली

आणि मला गोंडी इतिवृत्ताचे पहिले पान हवे आहे. वर्गात वाचन-फलक आहे, त्यावर लावणार आहे. आजींचे बोलणे पूर्ण असलेले पान द्या.